आजीच्या कपाळावरचं गोंदण

आजीच्या वर्षश्राद्धाआधी तिचा एक मोठा फोटो करून वसरीत लावायचा असं घरात ठरलं. कुठला फोटो, हे कुणी विचारलंही नाही. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, सकाळी पूजा आटोपलेली, आजी माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या चौकटीखाली, उभी, मान वर करून एका नारळाची गाठ नीट बसली आहे का ते बघते आहे, एक हात अर्धा उचललेला. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर चवथीला तो फोटो कुणी ना कुणी टाकतं आणि त्याखाली हात जोडलेल्यांची रांग लागते.

फोन घेऊन मी गोव्यातल्या आमच्या डिचोली बाजारातल्या स्टुडिओत गेले. मालकांनी फोटो संगणकावर घेतला, आजीच्या चेहऱ्यापाशी नेऊन मोठा केला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. "बाय, तुम्हीच बघा."

आजीच्या भुवयांच्या मधे हिरवट गोंदण होतं, तीन ठिपक्यांचं. लहानपणी तिच्या मांडीवर बसले की त्या ठिपक्यांवर बोट ठेवून मोजायची मला सवय होती. स्क्रीनवर त्या जागी बारक्या फरश्या बसवल्यासारखं काहीतरी दिसत होतं. एक फरशी तपकिरी, शेजारची जरा फिकट, तिसरी राखाडी. ठिपके नव्हतेच.

"पाठवून पाठवून झिजलाय फोटो," ते म्हणाले. "बारा बाय अठरा व्हायचा नाही हा."

झिजलाय हा शब्द घरी येईपर्यंत डोक्यातून गेला नाही. उंबरठा झिजतो, नाणं झिजतं, जात्याची तळी झिजते, कारण तिथे हात लागतो, पाय लागतो, दगडावर दगड घासतो. फोनमधला फोटो म्हणजे नुसते आकडे. ते कशाने झिजतील? पुढचे पंधरा दिवस मी ह्याच्याच मागे होते. जे समजलं ते लिहून काढते आहे, कारण असा एक फोटो प्रत्येकाच्या घरी असतो, आणि पुष्कळदा तो वाचवायला अजून वेळ गेलेली नसते.

फोनचा कॅमेरा खरं तर मोजणीचं काम करतो. समोरच्या दृश्यावर तो बारीक जाळी टाकतो आणि जाळीच्या प्रत्येक घरात किती उजेड आला ते टिपून ठेवतो. १२ मेगापिक्सेलचा कॅमेरा म्हणजे आडवी ४,००० आणि उभी ३,००० घरं, एकूण १ कोटी २० लाख. प्रत्येक घराचे तीन आकडे: लाल किती, हिरवा किती, निळा किती. प्रत्येक आकडा ० ते २५५ मधला. असा एक आकडा लिहायला एक बाइट लागतो, म्हणजे एका फोटोला ३ कोटी ६० लाख बाइट, ढोबळमानाने ३६ एमबी. पण गॅलरीत त्या फोटोची माहिती उघडून बघा, तिथे तीन-चार एमबी लिहिलेलं असतं. दहातले नऊ भाग फोनने फोटो जपून ठेवतानाच सोडून दिलेले असतात.

काय सोडायचं आणि काय राखायचं हे ठरवणाऱ्या रीतीचं नाव जेपेग. १९८६ मध्ये निरनिराळ्या देशांतल्या तज्ज्ञांचा एक गट बसला, त्या गटाच्या नावाची आद्याक्षरं म्हणजे हे नाव, आणि १९९२ मध्ये त्यांची रीत प्रमाण म्हणून मान्य झाली. ग्रुपवर फिरणारे फोटो अजून ह्याच रीतीने बांधले जातात.

ह्या रीतीचा सगळा भर माणसाच्या डोळ्यावर आहे. उजेड आणि सावलीतला फरक आपल्याला फार बारीक कळतो, रंगातला तेवढा बारीक कळत नाही. म्हणून उजेडाचा आकडा प्रत्येक घरासाठी ठेवतात, आणि रंगाचे दोन आकडे सहसा शेजारच्या चार घरांत मिळून एकदाच लिहितात. एवढ्यावरच निम्मे आकडे कमी होतात आणि बघणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

पुढची पायरी मला समजायला वेळ लागला, आणि समजली तेव्हा फार आनंद झाला. चित्राचे आठ बाय आठ घरांचे चौकोन पाडतात, ठिपक्यांच्या रांगोळीसारखे. एका चौकोनात ६४ घरं. प्रत्येक चौकोनाचा हिशेब वेगळा, शेजारच्याशी त्याचा संबंध नाही. आता ह्या ६४ आकड्यांचं काय करतात ते सांगायला मला घुमट आरतीचा आधार घ्यावा लागेल.

आमच्या वाड्यावर चवथीला घरोघर घुमट आरती होते. घुमट म्हणजे मातीच्या घड्याला चामडं बांधलेलं वाद्य, शामेळ हे दुसरं चर्मवाद्य आणि कासाळें म्हणजे झांजा; तिन्ही एकत्र वाजतात. माटोळीखाली उभं राहून ऐकलं तर घुमटाच्या चामड्यावरची बोटांची थरथर, कासाळ्याचा किणकिणाट, शामेळाचा कडकडाट, सगळं वेगवेगळं कानात शिरतं. तीच आरती शेतापलीकडच्या घरातून ऐकली तर फक्त जड ठेका पोचतो. बारीक नाद वाटेत विरतात. आणि तरीही कुठली आरती चालली आहे ते आपण बरोबर ओळखतो.

चौकोनातल्या उजेडाचेही असे जड आणि बारीक ठेके काढता येतात. पहिला ठेका म्हणजे अख्ख्या चौकोनाची सरासरी: हा चौकोन एकूण उजळ की काळोखा. दुसरा-तिसरा म्हणजे डावीकडून उजवीकडे किंवा वरून खाली हळूहळू बदलणारा उजेड. असं करत करत शेवटचे ठेके म्हणजे एका आड एक घर उजळ-काळोखं, अगदी बारीक नक्षी. कुठलाही चौकोन ह्या ६४ ठेक्यांच्या कमीजास्त मिश्रणातून पुन्हा उभा करता येतो. ६४ आकडे दिले, ६४ आकडे मिळाले. ह्या पायरीत काहीही हरवलेलं नाही.

हे गणित ज्यांनी जुळवलं ते नासिर अहमद मूळचे बंगळुरूचे, जन्म १९४० चा. अमेरिकेत कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकवत असताना १९७२ मध्ये त्यांनी ह्या कल्पनेवर काम करायला तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे अनुदान मागितलं. ते मिळालं नाही. त्यांनी काम चालूच ठेवलं, आणि टी. नटराजन व के. आर. राव ह्यांच्यासोबत लिहिलेला त्यांचा निबंध जानेवारी १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. चार पानांचा निबंध. आपण ग्रुपवर टाकतो तो प्रत्येक फोटो त्या चार पानांतून जातो. व्हिडिओ आणि एमपीथ्री गाण्यांमध्येही त्याच गणिताची भावंडं आहेत. अनुदान नाकारलं गेलेलं एक काम आज प्रत्येकाच्या खिशात आहे, आणि आपल्याकडे शाळेत हे नाव मुलांच्या कानावरही पडत नाही, ह्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मुख्य हरवणं होतं ते ह्यानंतर, आकडे पूर्णांकात आणताना. बाजारात ४३ रुपये झाले आणि सुटे नसले की आपण "चाळीस द्या" म्हणतो, तसंच. प्रत्येक ठेक्याचा आकडा एका ठरलेल्या संख्येने भागतात आणि उत्तर जवळच्या पूर्णांकावर आणून ठेवतात. जड ठेक्यांना लहान भाजक, म्हणजे त्यांचा हिशेब काटेकोर. बारीक ठेक्यांना मोठा भाजक, आणि ते आधीच लहान असल्यामुळे त्यांतल्या बहुतेकांचं उत्तर शून्य येतं. शून्यं लिहायला जागा लागत नाही. "इथून पुढे सगळी शून्यं" एवढं लिहिलं की झालं. फोटो हलका होतो तो मुख्यतः ह्यामुळे. भाजक किती मोठे घ्यायचे हे फोटो बांधणारा ठरवतो. फार मोठे घेतले तर चौकोनात फक्त पहिला ठेका उरतो, नुसती सरासरी.

आजीच्या कपाळावरच्या फरश्या ह्याच. माझ्याकडच्या फोटोची माहिती उघडून बघितली: रुंदी ७२०, उंची ५४०, एकूण ३,८८,८०० घरं. मूळ १ कोटी २० लाखांतली शंभराला जेमतेम तीन. त्यात आजीचा चेहरा आडवा ६० घरांचा, म्हणजे साडेसात चौकोन. कपाळाच्या वाट्याला तीन-चार. गोंदणाचे ठिपके ही बारीक नक्षी, म्हणजे नेमके तेच ठेके ज्यांची पहिल्यांदा शून्यं होतात. कपाळाचा रंग राहिला, ठिपके गेले. तीच गत माटोळीची. तोरिंजन, चिबूड, नारळ असे मोठे गोल ओळखू येतात. शेरवडाची पांढरी पानं म्हणजे नुसता पांढुरका पट्टा, आणि सुपारीच्या घोसातली एकही सुपारी सुटी दिसत नाही.

आता झिजण्याकडे येते. एकदा ४३ चे ४० झाले, मग पुन्हा त्याच दुकानात तोच हिशेब केला तर ४० चे ४०च राहतात. त्याच भाजकांनी तोच फोटो कितीदा बांधला तरी पहिल्या वेळेनंतर फारसं काही जात नाही. पण दुकान बदललं की? पहिल्याने १० च्या पटीत हिशेब केला: ४३ चे ४०. दुसरा १५ च्या पटीत करतो: ४० चे ४५. तिसरा ८ च्या पटीत: ४५ चे ४८. कुणीही फसवलं नाही, प्रत्येकाने आपल्यापरीने जवळचाच आकडा लिहिला, आणि ४३ चे ४८ झाले. वेगवेगळी ॲप म्हणजे अशी वेगवेगळी दुकानं. त्यात कुणी फोटो जरासा कापला किंवा लहान-मोठा केला तर आठ बाय आठची जाळीच सरकते. जुन्या फरश्यांच्या कडा नव्या चौकोनांच्या मधोमध येतात, आणि पुढच्या वेळी त्या कडाच चित्राचा भाग समजून जपल्या जातात. मग कपाळावर फरश्या दिसायला लागतात.

म्हणजे फॉरवर्ड करून फोटो झिजतो, असंच मलाही वाटत होतं. स्टुडिओवाल्यांनाही तसंच वाटतं. पण ते तसं नाही, आणि हे कळल्यावर मी चकित झाले.

पहिल्यांदा आपण गॅलरीतून फोटो निवडून पाठवतो तेव्हा व्हॉट्सॲप तो लहान करतं. साध्या पद्धतीने पाठवला तर लांब बाजू साधारण १,६०० घरांवर येते आणि तीन-चार एमबीचा फोटो दोन-तीनशे केबीचा होतो. मोठं नुकसान होतं ते इथे. मग हा लहान फोटो कुलूप लावून कंपनीच्या सर्व्हरवर ठेवला जातो, आणि आपल्या माणसाला जाणाऱ्या संदेशात फक्त त्याचा पत्ता आणि किल्ली असते. ती किल्ली कंपनीकडे नसते. एप्रिल २०१६ पासून सगळे संदेश असे बंद असतात. तो माणूस फोटो पुढे फॉरवर्ड करतो तेव्हा पुन्हा फोटो चढवला जात नाही, सहसा तोच पत्ता आणि तीच किल्ली पुढे जाते. म्हणूनच फॉरवर्ड इतकं झटकन होतं. ग्रुपवरून ग्रुपवर गेलेला पन्नासावा फोटो पहिल्यासारखाच असतो. दोन बाण आणि "अनेक वेळा फॉरवर्ड केलेले" अशी पाटी लागली तरी फोटोच्या अंगाला काही झालेलं नसतं. ती पाटी फक्त सांगते की संदेश मूळ माणसापासून पाच किंवा जास्त पायऱ्या लांब आलाय.

झिजतो तो आपण प्रेमाने केलेल्या दुसऱ्या कामांनी. फोटो फोनमध्ये उतरवून घेतला आणि पुढच्या वर्षी गॅलरीतून नव्याने टाकला: पुन्हा बांधणी. स्टेटसवर लावला: पुन्हा बांधणी. इन्स्टाग्रामवर टाकून तिथून उतरवला: तिथे रुंदी १,०८० वर येते. वर फुलांची चौकट आणि "गणेश चतुर्थीच्या शुभेच्छा" घालून देणाऱ्या ॲपमधून काढला: आणखी एक दुकान. आणि सगळ्यात वाईट म्हणजे स्क्रीनशॉट. त्यात मूळ फोटो येतच नाही, त्या वेळी त्या काचेवर जेवढी घरं दिसत होती तेवढीच येतात.

आमच्या फोटोचं तेच झालं होतं, आणि ते फोटोनेच सांगितलं. ७२० ही तेव्हाच्या साध्या फोनच्या स्क्रीनची रुंदी. आडवा फोटो अशा उभ्या काचेवर उघडला तर तो बरोबर ७२० बाय ५४० दिसतो, वरखाली काळी पट्टी. कुणीतरी स्क्रीनशॉट काढून ती पट्टी कापली होती.

फाइलचं नावही बोलतं. माझ्या फोटोच्या नावात आयएमजीनंतर २०१९०९०२ आणि मग डब्ल्यूए असं होतं. डब्ल्यूए म्हणजे व्हॉट्सॲपवरून आलेला, आणि आकडा म्हणजे २ सप्टेंबर २०१९. त्या वर्षीची चवथ. पण फोटोच्या डाव्या कोपऱ्यात पाळण्याची कड दिसते, आणि तो पाळणा आमच्या घरात फक्त २०१६ च्या चवथीला टांगलेला होता. नावातली तारीख फोटो माझ्या फोनवर आल्याची, काढल्याची नव्हे. कॅमेरा फोटोच्या पोटात तारीख, वेळ, फोनचं नाव, आणि आपण चालू ठेवलं असेल तर ठिकाणसुद्धा लिहितो. व्हॉट्सॲपवरून साध्या फोटोसारखा पाठवताना ही चिठ्ठी काढून टाकली जाते. परक्या माणसाला आपल्या घराचा ठावठिकाणा कळू नये म्हणून हे चांगलंच आहे. पण घरच्या आठवणींच्या बाबतीत त्याचा परिणाम असा, की चार वर्षांनी कुणालाच आठवत नाही हा फोटो कुठल्या चवथीचा. जुन्या फोटोंच्या मागे आजोबा निळ्या शाईने साल घालायचे. ती सवय आपण फोनवर भरवसा ठेवून सोडली.

मग मूळ फोटो शोधायचं ठरवलं. काढला होता आतेच्या मुलाने. त्याचा तेव्हाचा फोन पुढच्या एका पावसाळ्यात भिजला, दुरुस्तीला दिला आणि आतलं सगळं पुसून परत आला. त्याची समजूत अशी होती की फोटो "वर" असणारच, व्हॉट्सॲपकडे. ही समजूत जवळजवळ प्रत्येक घरात आहे आणि ती चुकीची आहे. कंपनीचा सर्व्हर म्हणजे माळा नव्हे, बसस्टँडवरचा बाक आहे. न पोचलेला संदेश तिथे ३० दिवसांपर्यंत थांबतो, पोचला की काढला जातो. फॉरवर्ड सोपं व्हावं म्हणून फोटो थोडा काळ राहतो, तोही कुलूपबंद. जुन्या फोटोवर बोट ठेवलं की पाठवणाऱ्याला पुन्हा पाठवायला सांगा असा निरोप येतो, तो ह्यामुळेच. माळा म्हणून काही असलंच तर ते आपण स्वतः घेतलेलं बॅकअप, आणि अँड्रॉइडवर ते गूगलच्या १५ जीबीच्या फुकट जागेतच मोजलं जातं. ती जागा सुप्रभात आणि शुभ रात्रीच्या चित्रांनी कधीच भरलेली असते. फोन भरला की आमच्या आते सरसकट सगळं पुसतात. त्यांचा दोष नाही. एक हजार गुलाबांमधून आजी शोधून बाजूला काढणं डोळ्यांना झेपणारं काम नाही.

मधल्या काळात भाच्याने त्याच्या परीने मदत केली. फोटो स्पष्ट करून देणाऱ्या एका एआय ॲपमधून त्याने आमचा झिजका फोटो काढून आणला. चेहरा लख्ख दिसत होता. कपाळ गुळगुळीत, गालांवर एक सुरकुती नाही, पुढचे दात सगळे जागच्या जागी. आजीचे पुढचे दोन दात मी कॉलेजात होते तेव्हाच पडले होते. माटोळीतलं कवंडळ सफरचंद होऊन टांगलेलं होतं. ग्रुपवर दोघांनी तो फोटो छान आलाय म्हणून लिहिलं, आणि आई फोन खाली ठेवून म्हणाली, "ही कोण?"

मला वाटतं ह्याबद्दल प्रत्येकाने सावध राहायला हवं. शून्य झालेले आकडे कुठलंही ॲप परत आणू शकत नाही, कारण ते कुठेच लिहिलेले नाहीत. ॲपने लाखो चेहरे बघितलेले असतात. अशा रंगाच्या, अशा आकाराच्या कपाळावर सहसा काय असतं ते बघून ते जागा भरतं. सहसा कपाळावर गोंदण नसतं, म्हणून तिथे कातडी आली. तो अंदाज आहे, आजी नाही. मजेसाठी काही करा, पण असा फोटो मूळ फोटोच्या जागी ठेवू नका. पुढच्या पिढीला दोन्हीतला फरक सांगायला आपण असणार नाही.

फोटो मिळाला तो मस्कतहून. मधले काका तेव्हा तिथे नोकरीला होते आणि चवथीला येऊ शकले नव्हते. आतेच्या मुलाने सकाळी फोटो काढला आणि तिथल्या तिथे त्यांना पाठवला, फक्त त्यांनाच. तेव्हा एक जीबी डेटाला दोन-अडीचशे रुपये पडायचे आणि फोटो पाठवताना माणूस विचार करायचा. योगायोग असा की २०१६ ची चवथ ५ सप्टेंबरला होती, आणि जिओची सेवा सगळ्यांसाठी सुरू झाली तीही त्याच दिवशी. त्यानंतर वर्षभरात आमचा ग्रुप ओसंडून वाहायला लागला. हा फोटो त्या जुन्या, काटकसरीच्या दिवसांतला शेवटचा असावा. एकाच माणसाला पाठवलेला, आणि त्या माणसाने तो नीट जपलेला.

काकांनी दरवर्षी घरचे फोटो लॅपटॉपवर उतरवून "चवथ" नावाच्या फोल्डरमध्ये ठेवले होते. मी त्यांना फोन करून सांगितलं की फोटो साधा पाठवू नका. पिनेच्या खुणेवर बोट ठेवा, तिथे गॅलरी न निवडता डॉक्युमेंट निवडा आणि त्यातून ती फाइल द्या. तसं केलं की व्हॉट्सॲप फोटोला फोटो मानत नाही, जशीच्या तशी फाइल पोचवतं, एकही आकडा न बदलता, पोटातल्या चिठ्ठीसकट. ऑगस्ट २०२३ पासून एचडी असा एक पर्यायही आलाय. त्यात फोटो मोठा जातो पण बांधणी पुन्हा होतेच. घरचे जपण्यासारखे फोटो मी आता डॉक्युमेंट म्हणूनच पाठवते. अनोळखी माणसाला मात्र कधीच नाही, कारण चिठ्ठीत ठिकाण असू शकतं.

फाइल आली. नावात २०१६०९०५, रुंदी १,६००, उंची १,२००. मूळ फोटो नव्हता, पण पहिल्या हातातला होता, एकदाच बांधलेला. माझ्याकडच्यापेक्षा जवळजवळ पाचपट घरं.

मी पुन्हा डिचोलीला गेले. स्टुडिओवाल्यांनी हिशेब कागदावर मांडून दाखवला. चांगल्या छपाईला इंचाला ३०० ठिपके. बारा बाय अठराला ३,६०० बाय ५,४००, म्हणजे जवळपास १ कोटी ९४ लाख. भिंतीवर लांबून बघायचा फोटो इंचाला निम्म्या, म्हणजे १५० ठिपक्यांत भागतो, तरी साडेअठ्ठेचाळीस लाखांवर लागतात, आणि आमच्याकडे १९ लाख वीस हजार. "सहा बाय चार उत्तम येईल," ते म्हणाले. "मोठा केला तर पुन्हा तेच." आणि न सांगता त्यांनी फोटो कपाळापाशी नेऊन मोठा केला. तीन ठिपके होते. तिसरा जरा पुसट, पण तो आजीच्या कपाळावरही पुसटच होता.

सहा बाय चारचा फोटो वसरीत लावला. जवळ जाऊन बघावा लागतो. बाबा चष्मा वर करून पुष्कळ वेळ बघत राहिले. मला वाटलं ते आजीला बघताहेत. मग त्यांनी मला बोलावलं आणि काचेवर नखाने दाखवलं: आजीच्या उचललेल्या हाताच्या वर, नारळाच्या शेंडीपाशी, सालीच्या दोरीला दोन फेरे होते आणि टोक आतून घेतलेलं होतं. आजी अंथरुणाला खिळली त्या वर्षी आम्ही माटोळी तिच्याविना बांधली, एका फेऱ्याच्या गाठीने, आणि दुसऱ्या दिवशी आरती चालू असताना एक नारळ खाली आला होता.

"दोन फेरे," बाबा म्हणाले, आणि दोरी आणायला आत गेले.